दहा वाजायच्या आत

मुंबईतली पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी धावू लागली. वर्सोवा ते घाटकोपर, साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, बारा स्थानकं. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला रेल्वेनं जायचं तर दादर गाठून गाडी बदलावी लागे, नाहीतर बसमध्ये उभं राहून साकीनाक्याचा ट्रॅफिक सोसावा लागे. या मार्गावरच्या चकाला स्थानकाच्या पाटीवर जे. बी. नगरचंही नाव आहे. विवियन फर्नांडिस नावाचा मुलगा याच जे. बी. नगरात वाढला. शाळेतल्या एका मित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंट पाहिला आणि तिथून हिप-हॉपची ओढ लागली, असं त्यानं मुलाखतींतून सांगितलं आहे. सुरुवातीला तो इंग्रजीत रॅप करायचा, मग हिंदीकडे वळला. डिव्हाइन या नावानं त्यानं २०१३ मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’ काढलं. पुढच्या जानेवारीत कुर्ला पश्चिमेच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, घरच्या आयपॅडवर ‘आफत’ रेकॉर्ड केलं, त्याच आयपॅडवर व्हिडिओ घेतला आणि यूट्यूबवर चढवला. २०१५ मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, आणि कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्या देशभरच्या पोरांच्या फोनवर पोचल्या.

पुढची पानं या दोघांविषयी नाहीत. त्यांच्यानंतर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, भांडुप, कांदिवलीत वहीत ओळी लिहीत बसलेल्या शेकडो मुलामुलींविषयी आहेत, आणि त्यातही डिसेंबरातल्या एका संध्याकाळविषयी. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास पाच-सात स्वतंत्र रॅपर एकत्र येतात, वर्गणी काढतात, एखादी जागा मिळवतात आणि लाइव्ह शो करतात. स्वतंत्र म्हणजे ज्याच्या मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, आणि गाण्याच्या मिक्सिंगचे पैसे जो स्वतःच्या पगारातून किंवा भावाकडून उसने घेऊन भरतो तो. असे शो मी बरेच पाहिले आहेत. त्यावरून माझं जे मत झालं आहे ते आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला पुढचं कोणत्या नजरेनं लिहिलं आहे ते कळेल. उपनगरातल्या रॅपला श्रोते मिळाले, सिनेमा मिळाला, थोडेफार पैसेही मिळाले. स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या लोकांसमोर उभं राहण्यासाठी हक्काची जागा मात्र मिळाली नाही. आणि ती मिळाल्याशिवाय ही कला पुरती मोठी होणार नाही.

हिप-हॉपचा जन्मच मुळी अशा एका संध्याकाळी झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. इमारतीच्या रहिवाशांची सामायिक खोली, बहिणीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या, भावाचे स्पीकर. पुढच्या पन्नास वर्षांत जगभर पसरलेल्या संगीताचा उगम लोक या खोलीत मानतात. अंधेरीच्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट लावून शो करू पाहणारी मुलं परकीय काहीतरी उचलून आणतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ही मुलं नेमकी मूळ पद्धतच पाळत असतात.

नाताळाशीही या संगीताचं नातं जुनं आहे. १९७९ मध्ये कर्टिस ब्लोचं ‘ख्रिसमस रॅपिन’ मर्क्युरी या बड्या कंपनीनं काढलं. मोठ्या कंपनीनं प्रसिद्ध केलेली ती पहिली रॅप रेकॉर्ड. म्हणजे रॅपसाठी मोठ्या धंद्याचं दार उघडलं ते नाताळाच्या निमित्तानं. आठ वर्षांनी रन-डीएमसीनं ‘ख्रिसमस इन हॉलिस’ केलं. हॉलिस हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला त्यांचा स्वतःचा मोहल्ला. सणाचं गाणं करतानाही त्यांनी आपल्या पत्त्याचं नाव मथळ्यात घातलं. नेझीवरच्या माहितीपटाचं नाव ‘बॉम्बे ७०’ आहे, धारावीच्या एमसी अल्ताफनं ‘कोड मुंबई १७’ केलं. पोस्टाचा पिनकोड छातीवर लावून उभं राहण्याची ही रीत त्याच घराण्यातली.

अंधेरी पूर्वेला डिसेंबर कसा असतो हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. चकाला, मरोळ, सहार, कोंडिविटा, गुंदवली ही मूळची गावठाणं. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं इथे मुंबई शहर व्हायच्या आधीपासून राहतात, आणि त्यांच्या घरांत मराठीचीच एक बोली चालते. दहा डिसेंबरनंतर गल्लीवर कागदी तारे चढतात, क्रूसापाशी रोषणाई होते, घरांत गव्हाणी सजतात. शेजारची बौद्ध, मुस्लिम, गुजराती, मालवणी मुलंही त्या रोषणाईत फिरतात. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत आणि मालाडच्या ऑर्लेममध्ये तर रस्ते चालायला पुरत नाहीत. कॉलेजला सुट्ट्या, कॉल सेंटरमधल्यांना रजा, हवा जराशी थंड. वर्षभर रात्री दहा-अकराला घरी येणारी पोरं एकाच वेळी मोकळी सापडण्याचा हा एवढाच पंधरवडा. शो डिसेंबरात होतात त्याचं पहिलं कारण इतकं साधं आहे.

दुसरं कारण कायद्यात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. जिल्हाधिकारी दरवर्षी या दिवसांची यादी काढतात. गणपती, नवरात्र, दिवाळीबरोबर २५ आणि ३१ डिसेंबर त्यात असतात. म्हणजे उपनगरातल्या रॅपरला मध्यरात्रीपर्यंत उघड्यावर माइक हातात धरता येईल अशा, त्याच्या वाट्याच्या म्हणता येतील अशा, वर्षात जेमतेम दोन रात्री. बाकी दिवशी पावणेदहाला आयोजकाच्या पोटात गोळा येतो. साउंडवाल्याच्या मागे कुणीतरी घड्याळ दाखवत उभा असतो, आणि ज्याचं नाव पोस्टरवर सगळ्यात मोठं, त्याच्या वाट्याला तीन गाण्यांऐवजी दीड गाणं येतं.

दहाच्या मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणसं, तान्ही मुलं, परीक्षेचे विद्यार्थी याच इमारतींत राहतात. माझं म्हणणं वेगळं आहे. हाच नियम बंदिस्त सभागृहांना सूट देतो. आणि उपनगरात महापालिकेची चांगली नाट्यगृहं आहेत: विलेपार्ल्याला दीनानाथ मंगेशकर, मुलुंडला महाकवी कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे. तिथे ध्वनियोजना आहे, प्रकाशयोजना आहे, खुर्च्या आहेत, स्वच्छतागृहं आहेत, बाहेर वडे आणि चहा आहे. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी नाटकवाल्यांचीच ओढाताण चालते हे मला ठाऊक आहे, आणि व्यावसायिक नाटकाच्या पोटावर कुणी पाय देऊ नये. पण आठवड्याच्या मधल्या वारांची सकाळ-दुपारची सत्रं, परीक्षांच्या महिन्यांतल्या रिकाम्या तारखा, यातली वर्षाकाठी चार-दोन जरी या मुलांना सवलतीत मिळाली तरी पुष्कळ होईल. एकांकिकांच्या स्पर्धांना आपण नाट्यगृहं दिली म्हणून मराठी रंगभूमीला नट मिळत गेले. रॅपरनं मात्र फूटपाथवर तयार होऊन यावं, ही अपेक्षा न्याय्य नाही.

आज त्यांना जागा मिळते ती बहुतेक अंधेरी पश्चिमेच्या किंवा वांद्रे-खारच्या एखाद्या पबमध्ये. तिथली अडचण ज्यानं अनुभवली त्यालाच कळते. रॅप ऐकणारं आणि करणारं वय सोळा ते बावीस. पबच्या दारात बहुतेक ठिकाणी एकवीसच्या खालच्यांना अडवतात. परफॉर्म करणारा पोरगा ओळख सांगून मागच्या दारानं आत जातो, त्याची गाणी तोंडपाठ असलेले त्याचे वर्गमित्र बाहेर पार्किंगमध्ये उभे राहतात. आत टेबलांवर बसलेल्यांना तो कोण हे माहीत नसतं. पुन्हा तिकिटावर खाण्यापिण्याची किमान रक्कम. गोवंडीच्या किंवा भांडुपच्या पोराला ती परवडत नाही. अशा शोला प्रेक्षक कमी आले की मालक म्हणतो, हिप-हॉपला मागणी नाही.

याच अंधेरीनं १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सनला पाहिलं आहे. अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याचा कार्यक्रम झाला, आणि तेव्हाच्या राज्य सरकारनं त्याला करमणूक कर माफ केला. त्या करमाफीवरचा न्यायालयीन वाद नंतर अनेक वर्षं चालला. त्या रात्रीनं उपनगरातल्या मुलांना नाचायला शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत गायकांपैकी एकासाठी जी सवलत सुचली, ती शेजारच्या गल्लीतल्या पोरासाठीही सुचावी. सध्या एक सोय आहे: पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. छोटे शो म्हणूनच तिकीट त्याच्या आत ठेवतात. त्यातून हॉलचं भाडं, साउंडचं भाडं, डीजेचे पैसे, पोलीस-अग्निशमनच्या परवानग्यांची धावपळ, आणि शेवटी सगळ्यांना पुरतील इतकी बिर्याणीची पाकिटं. कलाकारांना मानधन मिळतं का, असा प्रश्न आला की सगळे हसतात. मी मात्र आग्रहानं सांगतो की पाचशे रुपये का होईना, द्यावेत, आणि पाकिटात घालून द्यावेत.

आता स्टेजवरच्या गोष्टीकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे.

घरी गाणं कसं बनतं ते पाहिलं तर स्टेज किती वेगळं आहे ते कळेल. यूट्यूबवरून ‘टाइप बीट’, म्हणजे एखाद्या नावाजलेल्या रॅपरच्या धाटणीचा तयार बीट, घ्यायचा, परवडला तर विकत, नाहीतर फुकटातला. रात्री घर झोपलं की पंखा बंद करायचा, दाराला गादी लावायची, कपाटाचं दार उघडून कपड्यांत तोंड खुपसून ओळी रेकॉर्ड करायच्या. एक ओळ चुकली तर तेवढीच पुन्हा. याला ते ‘पंच-इन’ म्हणतात. सोळा ओळींचा एक व्हर्स असा तुकड्या-तुकड्यांनी जोडला जातो. श्वास कुठे घेतला ते ऐकणाऱ्याला कळतच नाही, कारण तो कापून टाकलेला असतो. वर दुसऱ्या आवाजाचा थर चढवला की गाणं भारी वाटतं. मग वर्षाची ठरावीक फी भरून ते सगळ्या ॲपवर एकदम चढवता येतं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. गाणं लोकांपर्यंत नेण्याचा खर्च जवळजवळ संपला. पण एका वेळच्या ऐकण्याचा मोबदला रुपयांत नाही, पैशांत मोजावा लागतो, आणि तोही महिन्यांनी हाती येतो.

स्टेजवर तोच पोरगा उभा राहतो आणि चौथ्या ओळीला दम संपतो. श्वास कापून टाकायची सोय तिथे नसते. माइकच्या जाळीवर हात आवळून धरला की स्पीकर किंचाळतो. साउंडवाला लांबून हात हलवत राहतो, पोराला कळत नाही. मॉनिटर नसेल तर स्वतःचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून उशिरा कानात येतो आणि बीट निसटतो. म्हणून बरेच जण रेकॉर्ड केलेलं अख्खं गाणंच आवाजासकट वाजवतात आणि वर फक्त ओळींची टोकं बोलतात. मला हे पटत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला फोनवर मिळतं तेच पुन्हा देणं म्हणजे त्याचा अपमान आहे. ज्याला पुढे जायचं आहे तो डीजेला सांगतो, फक्त बीट लाव. सोबत हाइपमॅन ठेवतो, दम घ्यायच्या जागी तो ओळ पुरी करतो. व्हर्स लिहितानाच श्वासाच्या जागा ठरवतो. एकदा हे जमलं की पोराचं लिखाणही बदलतं: ओळी आखूड होतात, क्रियापद शेवटी न लटकता ठोक्यावर येतं, भरतीचे शब्द गळतात. डिसेंबरचा शो करून आलेल्या पोराची फेब्रुवारीतली गाणी ऐकावीत. फरक कानाला लगेच कळतो.

श्रोत्यांचंही तसंच. पुढच्या दोन रांगांत त्याची क्रू, मधे शेजारच्या नगरातली प्रतिस्पर्धी पोरं हाताची घडी घालून, आणि मागे खुर्च्यांवर आई, मावशी, कधी आजी. आई समोर बसली की शिव्या असलेल्या ओळी आयत्या वेळी बदलाव्या लागतात. मला वाटतं या एका अडचणीनं मुंबईच्या रॅपला जेवढं सर्जनशील केलं तेवढं कुठल्या कार्यशाळेनं केलं नसेल. शिवी काढून टाकली की त्या ठोक्यावर दुसरं काहीतरी तितकंच जड ठेवावं लागतं. बापाची नोकरी ठेवावी लागते, घरभाडं ठेवावं लागतं, पाण्याची वेळ ठेवावी लागते.

हॉलबाहेर वेगळाच खेळ चालू असतो. ज्यांना लाइनअपमध्ये जागा मिळाली नाही ते फाटकापाशी वर्तुळ करून सायफर लावतात. कुणी तोंडानं बीटबॉक्स देतो, एकेक जण पुढे येतो. नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना माहीत असतात: दुसऱ्याचा व्हर्स मधे तोडायचा नाही, फ्रीस्टाइल म्हणून घरून पाठ केलेलं सांगायचं नाही, नवा पोरगा अडखळला तर टाळी देऊन त्याला वेळ द्यायचा. रॅप म्हणजे नुसती हमरीतुमरी अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी या वर्तुळात अर्धा तास उभं राहावं. पहिल्या रांगेत शिरायची गरज नाही. मागून ऐकू येतं.

रॅप ही शाहिरीचीच पुढची पिढी, असं वाक्य हल्ली भाषणांतून सहज येतं. मला ते घाईचं वाटतं. ही मुलं शाहिरांच्या मांडीवर बसून शिकलेली नाहीत. फिफ्टी सेंट, एमिनेम आणि यूट्यूब या वाटेनं आलेली आहेत. तरी ज्या जमिनीवर ती उभी आहेत तिला विसरताही येत नाही. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिराग नगरात राहत. अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५९ साली ‘फकिरा’ लिहिणारा माणूस याच पूर्व उपनगराच्या झोपड्यांतला. मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे राहत. माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, आणि चार दिवसांनी घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. पटवर्धनांचा २०११चा ‘जय भीम कॉम्रेड’ त्या मृत्यूपासून सुरू होतो.

शाहिराकडे जे होतं आणि रॅपरकडे नाही, ते म्हणजे बोलावणं. चौदा एप्रिलला वस्ती शाहिराला बोलावत असे, संपाच्या वेळी युनियन बोलावत असे. मैदान ठरलेलं, लोक ठरलेले, बिदागी थोडी का होईना ठरलेली. त्याचं गाणं कुणाच्या तरी कामाचं होतं. रॅपरला असं कुणी बोलावत नाही. तो स्वतःच तारीख काढतो, स्वतःच पोस्टर बनवतो आणि स्वतःच दारात उभा राहून तिकिटं फाडतो. वस्तीतल्या मंडळांनी, ग्रंथालयांनी, जयंतीच्या समित्यांनी आपल्याच गल्लीतल्या या पोरांना वीस मिनिटं देऊन पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी बोलावण्याची वाट न पाहता काम केलं त्यांत स्वदेसी हा मुंबईचा समूह मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना घेऊन त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ तारखेला आली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. गाण्यानं झाडं वाचली नाहीत. पण गोरेगाव आणि मरोळमधल्या कितीतरी मुलांना आपल्या घरामागे पाडे आहेत, तिथे वारली लोक राहतात, हे त्या गाण्यानं पहिल्यांदा सांगितलं. या समूहातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये त्याचा अल्बम आला आणि त्याच महिन्यात, चोविसाव्या वर्षी, तो गेला. स्टेजवरची त्याची ताकद ज्यांनी पाहिली त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. सत्तेला असं गाणं टोचतं हेही दिसलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केल्याबद्दल राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला आणि बरंच काही बदललं. कंपन्या आल्या, नास या अमेरिकी रॅपरच्या मास अपीलची भारतीय शाखा आली, डिव्हाइननं गली गँग काढली, एमटीव्हीवर ‘हसल’ सुरू झालं. एमिवे बंटायनं कंपनीशिवायही लाखो श्रोते मिळवता येतात हे दाखवलं. या सगळ्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. इथे एवढंच नोंदवतो की त्या लाटेत वर आलेली नावं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात, आणि बाकीचे शनिवारी अजून कंपनीच्या बसनं कामावरूनच शोला येतात.

मराठीचा प्रश्न मला जास्त सतावतो. मुलुंड, भांडुप, बोरिवली पूर्व इथल्या रॅपरांच्या घरी बऱ्याचदा मराठी बोलतात. रॅप मात्र मुंबईच्या हिंदीत होतो. कारण उघड आहे. सायफरच्या वर्तुळात कुणी मालवणी, कुणी तमिळ, कुणी उत्तर भारतीय. सगळ्यांना समजेल अशी भाषा तीच, आणि ती हिंदीही या उपनगरांनीच घडवलेली आहे. मला तिचा राग येत नाही. पण अमरावतीहून आलेला सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, वऱ्हाडी वळणाच्या मराठीत स्टेजवर सुरू झाला की हॉलमधली अर्धी डोकी वर होतात, हे मी पाहिलं आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ क्लबांत वाजलं, परदेशात वाजलं. मराठी ठोक्यावर बसत नाही असं आता कुणी म्हणू नये. आपल्याकडचे जोडाक्षरांचे शब्द, ‘ळ’चा घसरता आवाज, हे रॅपला आयतं मिळालेलं धन आहे. लाइव्ह शोमध्ये त्याची पारख सर्वांत लवकर होते, कारण मागच्या खुर्चीतल्या आईला ती ओळ पहिल्या झटक्यात समजते आणि ती पोराच्या आधी हसते.

मुलींचं सांगायचं तर कल्याणच्या डी एमसीनं, ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या मुंबईच्या मुलींच्या समूहानं, गोवंडीच्या सानिया एमक्यूनं वाट पाडली आहे. तरीही डिसेंबरच्या लाइनअपमध्ये सात मुलांमागे एखादीच मुलगी दिसते, आणि तिला बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा नंबर देतात. याला आयोजक आदर म्हणतात: तिला घरी लवकर जायचं असतं. जायचं असतं हे खरंच आहे. अंधेरीहून कल्याणला पोचायला दीड तास लागतो आणि रात्रीच्या महिला डब्यात एकटं बसणं सगळ्यांना जमत नाही. पण रिकाम्या हॉलसमोर साडेसहाला उभं करण्यापेक्षा शोच साडेचारला सुरू करावा आणि तिला मधली, भरल्या हॉलची जागा द्यावी. नाट्यगृहाचं दुपारचं सत्र मी मागतो त्यामागे हेही एक कारण आहे. दुपारच्या शोला आया येतात, सोळा वर्षांची पोरं येतात, मुली येतात, आणि सगळे आपापल्या लोकलनं घरी पोचतात.

पुढच्या प्रकरणांत कलाकार स्वतः बोलतात. त्यांची भाषा कुठेही सोवळी केलेली नाही. ‘बार’, ‘फ्लो’, ‘बंटाय’, ‘कडक’ हे शब्द जसे आले तसे ठेवले आहेत, आणि कुणाच्या मताशी माझं जमलं नाही तिथेही त्याचं बोलणं पूर्ण दिलं आहे. वाचकाला एक विनंती आहे. यंदाच्या डिसेंबरात आपल्या स्टेशनजवळ असा शो लागला तर तिकीट काढा, मित्राची ओळख सांगून फुकट आत जाऊ नका. आणि पोस्टरवरच्या मोठ्या नावासाठी नऊला पोचू नका. सहाला जा. पहिल्या पोराला बारा मिनिटं मिळालेली असतात. त्यातली दोन माइक चालू होण्यात जातात. उरलेल्या दहा मिनिटांसाठी त्यानं जुलैपासून ओळी घासलेल्या असतात, आणि हॉलमध्ये तेव्हा पंचवीस-तीस माणसंही नसतात. सव्विसावे तुम्ही असलात तर त्याला स्टेजवरून दिसतं.